बिलावर ‘ब्रेक रिपेअर’ लिहिण्याआधी: पद्मिनीच्या ब्रेक लाइनचं काम आणि त्याचा हिशेब



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण प्रीमियर पद्मिनीची पूर्ण ब्रेक लाइन बदलली. व्हिडिओत हात दिसतात, हिशेब दिसत नाही. म्हणून हा लेख. ज्यांना गॅरेज टाकायचं आहे, किंवा टाकलं आहे पण जुन्या गाडीचं काम घ्यावं की नको या विचारात आहेत, त्यांनी वही-पेन घेऊन बसा. तुमचं दुकान एसी दुरुस्तीचं किंवा फॅब्रिकेशनचं असेल तर मधला तांत्रिक भाग चाळा, पण इस्टिमेटचा भाग सोडू नका.

आधी माझी चूक सांगतो.

दुकान सुरू करून मला दोनच वर्षं झाली होती. एक निवृत्त काका त्यांची १९७९ मॉडेलची पद्मिनी घेऊन आले. मागच्या अ‍ॅक्सलजवळ ब्रेक ऑइल गळत होतं. मी गाडीखाली गेलो, सडलेला पाइप काढला, नवा टाकला, हवा काढली. पेडल टणक लागलं. ९०० रुपये घेतले आणि बिलावर दोन शब्द लिहिले: ‘ब्रेक रिपेअर’.

सात आठवड्यांनी सेमिनरी हिल्सचा उतार उतरताना पुढचा पाइप क्लिपखाली फुटला. पेडल तळाला गेलं. काकांनी गियर खाली टाकला, हँडब्रेक ओढला आणि गाडी फुटपाथला घासून थांबवली. कोणाला काही झालं नाही. त्यांनी मला फोन केला, ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, “काऊन बाबू, ब्रेकचं काम त झालं होतं ना?”

मी पाइप बदलला होता. त्यांना वाटलं ब्रेक दुरुस्त झाला. आणि त्यांचं चुकलं नव्हतं, कारण बिलावर मीच तसं लिहिलं होतं. त्या बिलावर विश्वास ठेवून त्यांनी नातवाला शेजारच्या सीटवर बसवलं होतं.

आजचा धडा एवढाच आहे: तुम्ही जे लिहून देता त्यावर गिऱ्हाईक जीव टाकतं. म्हणून काम किती केलं, किती नाही, हे आधी स्वतःला कळलं पाहिजे आणि मग कागदावर आलं पाहिजे.

ही गाडी अजून का येते?

वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली. १९६४ पासून तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० डिलाइट बनू लागली आणि १९७० च्या दशकात तिचंच नाव प्रीमियर पद्मिनी झालं. मुंबईच्या काळी-पिवळी टॅक्सीमुळे तिचे पार्ट अनेक वर्षं सहज मिळत राहिले. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून गेली.

तुमच्या धंद्यासाठी याचा अर्थ काय? टॅक्सी होत्या तोवर पार्टचा माल फिरता होता. आता दुकानात जे पडून आहे ते पडूनच आहे. रबर किटचा डबा नवा कोरा दिसतो, पण आतलं रबर १५-२० वर्षांचं असू शकतं. लोखंड टिकतं, रबर टिकत नाही. किट घेताना कप दोन बोटांत दुमडून पाहा. बारीक भेग दिसली किंवा कडक लागलं तर परत करा, फुकट मिळालं तरी लावू नका.

नागपुरात अशा गाड्या रोज येणार नाहीत. पण फ्लेअरिंग टूल आणि हे काम करण्याची शिस्त एकदा आली की जुनी जीप, अ‍ॅम्बेसेडर, जुना टेम्पो, सगळ्यांना तीच लागते.

आधी साखळी समजून घ्या

पाय पेडलवर पडला की मास्टर सिलिंडरमधला पिस्टन ब्रेक ऑइल ढकलतो. ते स्टीलच्या पाइपांतून जातं, चाक जिथे हलतं तिथे रबरी होजमधून जातं, आणि व्हील सिलिंडरमध्ये पोचून ब्रेक शू ड्रमवर दाबतं. काकांच्या गाडीत चारही चाकांना ड्रम होते आणि सर्किट एकच होतं. एकच सर्किट म्हणजे कुठेही एक पाइप फुटला की चारही चाकांचा ब्रेक गेला. अमेरिकेत १९६८ पासून नव्या कारला दोन वेगळी सर्किट सक्तीची झाली ती याच कारणाने.

आता माझी चूक तांत्रिक भाषेत पाहा. सगळे पाइप एकाच वयाचे होते. ऊन, पाऊस, चिखल सगळ्यांनी सारखाच खाल्ला होता. एक फुटला म्हणजे बाकीचे चांगले आहेत असं नाही, तो फक्त पहिला होता. तोवर गळतीमुळे बाकीच्या पाइपांवर पूर्ण दाब येत नव्हता. मी गळती बंद केली आणि पूर्ण दाब पुढच्या कमजोर जागेवर पाठवला.

व्हॉल्व्ह: लहान वस्तू, मोठा घोळ

‘व्हॉल्व्ह’ म्हटलं की नवीन पोरं गोंधळतात. जुन्या गाडीत तुम्हाला हे भेटतील:

१. चेक व्हॉल्व्ह. ड्रम ब्रेकच्या बऱ्याच जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये तोंडाशी हा असतो. पाय सोडल्यावरही तो लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवतो, साधारण १० पीएसआय. त्या दाबाने व्हील सिलिंडरमधले रबर कप भिंतीला चिकटून राहतात आणि हवा आत ओढली जात नाही. हा खराब झाला तर सकाळी पहिलं पेडल खोल जातं, दोनदा मारलं की वर येतं. उलट अडकला तर ब्रेक पूर्ण सुटत नाही, ड्रम तापतो.

२. प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह. जोरात ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढे जातं, मागची चाकं हलकी होतात आणि आधी जाम होऊ शकतात. म्हणून हा व्हॉल्व्ह मागचा दाब कमी ठेवतो. पुढे डिस्क आणि मागे ड्रम असलेल्या गाड्यांत तो दिसतो. चारही ड्रमच्या जुन्या गाडीत हे संतुलन बहुतेक वेळा व्हील सिलिंडरच्या मापाने साधलेलं असतं. म्हणून पुढच्या सिलिंडरच्या जागी ‘जवळपास बसणारा’ दुसऱ्या मापाचा सिलिंडर लावू नका. बसेल, गळणारही नाही, पण पावसात पहिला जोरात ब्रेक मारला की गाडी फिरेल.

३. ब्लीडर निपल. हवा काढायची ही लहानशी सुई. जाम झालेली असते, आणि आपण जोर लावून तोडतो. सगळे पाइप बदलतोय तर चारही निपल नवे घ्या.

ब्रेक सुटत नसेल तर लगेच व्हॉल्व्हवर आळ घेऊ नका. जुना होज आतून फुगतो. पाय दाबल्यावर ऑइल जातं, पण परत येत नाही. तपासणी सोपी आहे. चाक जाम असताना स्टील पाइप आणि होज यांच्यामधली युनियन सैल करा. चाक सुटलं तर होज ठीक, दोष मागे मास्टरकडे आहे. चाक सुटलं नाही, पण निपल उघडल्यावर सुटलं, तर होज गेला. आणि मास्टरकडे दोष दिसला तर आधी पेडलचा फ्री प्ले पाहा. तो शून्य असेल तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही, ऑइल परत जायचं बारीक छिद्र बंदच राहतं. असा दोष दोन मिनिटांत सुटतो. व्हॉल्व्ह बदलून पैसे घेतले तर तो धंदा नव्हे.

पाइप कोणता घ्यायचा?

बऱ्याच जुन्या कारचा ब्रेक पाइप ४.७५ मिमी बाहेरच्या व्यासाचा, म्हणजे ३/१६ इंची असतो. तरी व्हर्निअरने मापूनच घ्या. ब्रेकसाठी बनवलेला कोटिंगचा स्टील पाइप किंवा कॉपर-निकेल पाइप घ्या. कॉपर-निकेल महाग आहे, पण गंजत नाही आणि हाताला नरम आहे, शिकणाऱ्याला सोपा जातो. फ्रिजवाल्याकडचा साधा तांब्याचा पाइप लावायचा नाही. थरथरीने तांबं कडक होतं आणि तडकतं. फुटलेल्या पाइपला मधे ब्रेझिंग करून जोड देणं, तेही नाही. ‘तात्पुरतं करून द्या’ म्हणणारा गिऱ्हाईक येईलच. त्याला चहा पाजा, जोड देऊ नका.

टोकाचा आकार दोन प्रकारचा असतो: डबल फ्लेअर आणि बबल फ्लेअर. एकाच्या जागी दुसरा बसवला तर आज घट्ट वाटेल आणि उद्या गळेल. जुना पाइप कापून टोक जपून ठेवा, त्यावरून ठरवा.

आट्यांचंही तसंच. पद्मिनीचं मूळ इटालियन, तिथे मिलिमीटर. अ‍ॅम्बेसेडरचं मूळ ब्रिटिश मॉरिस ऑक्सफर्ड, तिथे इंची. आणि ४० वर्षांत कोणत्या मिस्त्रीने काय बदललं ते देव जाणे. थ्रेड गेज लावूनच नट मागवा. चुकीचा नट दोन आटे पकडतो, पान्याला घट्ट लागतो आणि रस्त्यावर सोडतो.

काम करायची पद्धत

पहिलं काम मोबाइलचं. प्रत्येक क्लिप, प्रत्येक वळण, प्रत्येक जोड, फोटो काढा. नंतर सगळ्या युनियनवर गंज सोडवणारं ऑइल मारून रात्रभर ठेवा. गाडी जॅकवर ठेवून खाली जायचं नाही. घोडी लावा, चाकाला ओट लावा.

जुना पाइप फेकू नका, तोच तुमचा नमुना आहे. बाजूने तार वळवून लांबी घ्या. नवा पाइप ट्यूब कटरने कापा, हॅकसॉने नाही. तोंड आतून-बाहेरून साफ करा. आता सगळ्यांची होणारी चूक: फ्लेअर मारण्याआधी नट पाइपमध्ये सरकवला का? मी आजही टूलवर चिठ्ठी चिकटवली आहे, ‘नट?’ म्हणून. वळण बेंडरनेच द्या. हाताने वळवलेला पाइप चपटा होतो.

पाइप बसवताना तीन गोष्टी बघा: सायलेन्सर पाइपपासून अंतर, हलणाऱ्या भागापासून अंतर, आणि जितक्या क्लिप कंपनीने दिल्या होत्या तितक्या परत लागल्या का. सुटा पाइप थरथरतो आणि घासून घासून फुटतो. नट आधी बोटांनी तीन-चार आटे फिरवा, मग फ्लेअर नटचा पाना लावा. होजला पीळ बसू देऊ नका. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून पाहा, होज कुठे ताणतो का, टायरला लागतो का. जिथे तांब्याचे वॉशर आहेत तिथे दर वेळी नवे.

मास्टर आणि व्हील सिलिंडर उघडल्यावर आतली भिंत उजेडात पाहा, नखाने चाचपा. नखाला खड्डा लागला तर नवा कप टाकून उपयोग नाही. सिलिंडर बदला किंवा स्लीव्ह करून घ्या. रबर लावताना फक्त ताजं ब्रेक ऑइल वापरा. पेट्रोल, डिझेल, इंजिन ऑइल, साधं ग्रीस, यातलं काहीही लागलं तर रबर फुगतं. गॅरेजमध्ये हात पुसायचं फडकंच डिझेलचं असतं, तेव्हा या कामाला वेगळं फडकं ठेवा. कपाचा ओठ दाबाच्या बाजूला, उलटा बसला तर पुन्हा पहिल्यापासून.

ऑइल आणि नागपूरचं ऊन

डॉट ३ ब्रेक ऑइल ताजं असताना २०५ अंश सेल्सिअसच्या वर उकळतं, डॉट ४ किमान २३० अंशांना. पण हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं. मानकात ३.७ टक्के पाणी धरून मोजलं तर हीच मर्यादा डॉट ३ ची १४० आणि डॉट ४ ची १५५ अंशांवर येते. आता मे महिना धरा, बाहेर ४५ अंश, चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे घाट उतरताय, पाय सतत ब्रेकवर. ऑइल उकळलं की वाफ होते, वाफ दबते, पेडल तळाला जातं. कुठेही गळती नसताना ब्रेक गेला.

म्हणून गाडी फिरो न फिरो, दर दोन वर्षांनी ऑइल बदला. वर्षभर उघडी पडलेली बाटली वापरू नका. निघालेलं ऑइल परत ओतू नका. सिलिकॉनचं डॉट ५ यात मिसळायचं नाही, नाव सारखं असलं तरी जात वेगळी आहे. आणि रंगावर थेंब पडला तर लगेच पाण्याने धुवा. नाहीतर ब्रेकच्या बिलातून बॉनेटच्या रंगाचे पैसे जातील.

हवा काढणं आणि तपासणी

मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबचं चाक आधी, सर्वांत जवळचं शेवटी. मॅन्युअलमध्ये वेगळा क्रम दिला असेल तर तो पाळा. निपलला पारदर्शक नळी लावा, टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवा. मग दोघांची बोली ठरवा: “दाब.” “दाबलं.” निपल उघड, बंद कर. “सोड.” बंद करण्याआधी पेडल सोडलं तर हवा परत आत. टाकीतलं ऑइल संपू देऊ नका, नाहीतर सगळं पुन्हा.

जुना मास्टर सिलिंडर ठेवला असेल तर पेडल तळापर्यंत मारू नका. पिस्टन रोज जिथपर्यंत जातो त्याच्या पुढे गंज असतो, तिथे कप फाटतो. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा.

मग तपासणी. शू अ‍ॅडजस्ट करून घ्या. एकाने पेडल पूर्ण जोराने एक मिनिट धरून ठेवायचं, दुसऱ्याने कोरडा टिश्यू पेपर प्रत्येक जोडाला लावून पाहायचा. पेडल हळूहळू खाली बसत असेल आणि बाहेर कुठेच गळत नसेल, तर मास्टरचा कप आतून सोडतोय. चारही चाकं हाताने फिरतात का पाहा. गाडी रात्रभर ठेवा, सकाळी पुन्हा टिश्यू. मग आवारात चालण्याच्या वेगाने, मग रिकाम्या रस्त्यावर २०, मग ४०. शेवटी १५-२० किलोमीटर फिरवून ड्रमजवळ हात न्या. एकच चाक जास्त तापलं असेल तर काम संपलेलं नाही. उताराची चाचणी सगळ्यात शेवटी. आणि हँडब्रेक सगळ्यात आधी, कारण बाकी सगळं फेल झालं तर तोच राहतो.

हे काम पहिल्यांदा करताय तर अनुभवी मिस्त्री शेजारी हवा. व्हिडिओ बघून एकट्याने पहिली गाडी करायची नाही. मी हे व्हिडिओ बनवणारा माणूस म्हणून सांगतोय.

आता इस्टिमेट

बीबीएला कॉस्टिंगचा पेपर मी चांगल्या मार्कांनी पास झालो होतो. तरी दुकानात पहिली दोन वर्षं बाजूचा घेतो तेवढेच पैसे घ्यायचो. ताशी दर काढलाच नव्हता. तुम्ही काढा. खालचे आकडे समजण्यासाठी आहेत, तुमचे टाका.

समजा महिन्याचा ठरलेला खर्च असा: भाडं १५,०००, तुमचा आणि हेल्परचा मिळून पगार ४५,०००, वीज-फोन-हत्यारांची झीज १२,०००. एकूण ७२,०००. हो, स्वतःचा पगार धरायचा. तो न धरणारा माणूस धंदा करत नाही, फुकट नोकरी करतो.

महिन्यात २५ दिवस, रोज ८ तास, म्हणजे २०० तास. पण २०० तास बिल लागत नाही. पार्ट आणायला जाणं, गिऱ्हाइकाशी बोलणं, रिकामं बसणं हे सगळं त्यात आहे. बिल लागणारे तास १२० धरा. ७२,००० भागिले १२० म्हणजे ताशी ६०० रुपये. २०० ने भागलं असतं तर ३६० आले असते. पूर्ण ब्रेक लाइनच्या १६ तासांच्या कामात हा फरक ३,८४० रुपयांचा आहे. कष्ट करूनही महिन्याच्या शेवटी हातात काही उरत नाही, ते इथे जातं.

आता पूर्ण काम:

- पाइप, नट, क्लिप, निपल: २,८००
- तीन होज: १,५००
- मास्टर आणि चार व्हील सिलिंडरची किट: ३,२००
- ब्रेक ऑइल, क्लीनर, वॉशर: ७००
- मटेरियल एकूण: ८,२००
- मजुरी, १६ तास गुणिले ६००: ९,६००
- बेरीज: १७,८००
- परत आलेल्या कामासाठी राखीव ५ टक्के: ८९०
- त्यावर नफा १५ टक्के: साधारण २,८००
- इस्टिमेट: साधारण २१,५००

जीएसटीची नोंदणी असेल तर कर वेगळा. लक्षात ठेवा, महाराष्ट्रात फक्त माल विकणाऱ्याला ४० लाखांची मर्यादा आहे. मजुरीही घेणाऱ्या गॅरेजला वार्षिक २० लाखांची.

आता काका विचारणार, “बाजूचा त २ हजारात करून देतो म्हणते, तुले काऊन २१ हजार पायजे?” यावर चिडायचं नाही आणि बाजूच्याला नावं ठेवायची नाहीत. त्यांना गाडीखाली न्या. टॉर्च मारून पाइप दाखवा, क्लिपखालचा गंज स्क्रूड्रायव्हरने खरवडून दाखवा. मग म्हणा, “काका, एक पाइप बदलून देणारे आहेत. मी पूर्ण ब्रेकची जबाबदारी घेतो, त्याचे हे पैसे.” दहातले काही जण निघून जातील. जाऊ द्या. एका सर्किटच्या गाडीत एक पाइप बदलून देण्याचं काम मी त्या दिवसापासून घेत नाही.

कागदावर काय लिहायचं

माझ्या जॉब कार्डवर आता चार रकाने आहेत.

पहिला: काय तपासलं. प्रत्येक पाइप, होज, सिलिंडर, व्हॉल्व्ह, फोटोसह.

दुसरा: काय बदललं. पार्टचं नाव आणि संख्या. ‘ब्रेक रिपेअर’ हा शब्द माझ्या दुकानात बंद आहे.

तिसरा: काय बदललं नाही आणि का. ‘मागचे ड्रम जुने, मापात आहेत. ६ महिन्यांनी तपासणे.’ हा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. सही इथेच घ्या.

चौथा: पुढची तारीख. ५०० किलोमीटरनंतर फुकट तपासणी, दोन वर्षांनी ऑइल.

जुने पार्ट पिशवीत घालून गिऱ्हाइकाला परत द्या. काम सुरू करण्याआधी मटेरियलचा अ‍ॅडव्हान्स घ्या, कारण पद्मिनीचा पार्ट दुसऱ्याला विकला जाणार नाही. उघडल्यावर नवीन दोष निघाला तर काम थांबवा, फोटो पाठवा, लेखी ‘हो’ आलं की पुढे. व्हॉट्सअ‍ॅपचा ‘ओके’ चालेल, तोंडी नको. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये सेवेतली त्रुटीही येते, म्हणजे मजुरीचं कामही येतं. पण कायद्याच्या भीतीने हे करू नका. पार्टची पिशवी हातात घेतल्यावर माणूस पुढच्या वेळी ‘एवढे कशाचे’ विचारत नाही, तो आणखी एकाला घेऊन येतो.

कोणी दोन सर्किटचा मास्टर सिलिंडर किंवा पुढे डिस्क बसवून मागेल. सुरक्षिततेच्या दृष्टीने मागणी वाजवी आहे, पण ते वेगळं काम, वेगळं इस्टिमेट. तिथे व्हॉल्व्हची निवडही नव्याने करावी लागते. आणि गाडी ५० वर्षांच्या पुढची असेल तर मालकाला विचारा, व्हिंटेज नोंदणी करायची आहे का? २०२१ च्या केंद्राच्या नियमांत त्यासाठी गाडी मूळ रूपात, मोठे फेरबदल न केलेली हवी. नव्या व्हिंटेज नोंदणीची फी २०,००० रुपये आहे आणि अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. तुमच्या उत्साहात त्यांचा हा मार्ग बंद व्हायला नको. निर्णय त्यांचा, तो लेखी.

या आठवड्याचा गृहपाठ

१. तुमचा ताशी दर काढा. स्वतःचा पगार धरून, बिल लागणारे खरे तास धरून.

२. मागची दहा बिलं काढा. त्यात ‘रिपेअर’, ‘सर्व्हिस’, ‘काम’ असे किती मोघम शब्द आहेत ते मोजा. प्रत्येकाच्या जागी नेमकं काय केलं ते लिहून पाहा. लिहिता आलं नाही, तर ते काम नेमकं काय होतं हे तुम्हालाही माहीत नव्हतं.

३. ‘काय केलं नाही’ हा रकाना तुमच्या बिलात घाला. धंदा कोणताही असो.

त्या काकांचं पुढे काय झालं, हे व्हिडिओखाली बरेच जण विचारतात. मी गाडी टो करून आणली, पूर्ण लाइन केली, मजुरी घेतली नाही. मटेरियलचे पैसे त्यांनी बळजबरीने दिले. गाडी देताना मी जॉब कार्ड पुढे केलं. त्यांनी चष्मा लावून चारही रकाने वाचले, तिसऱ्यावर बोट ठेवून विचारलं, “हे नाही केलं म्हणजे धोका आहे काय?” मी म्हणालो, “आज नाही. सहा महिन्यांनी पाहू.” त्यांनी सही केली.

सहा महिन्यांनी ते बरोबर त्याच तारखेला आले. मला आठवण करायची गरज पडली नाही.

पुढच्या व्हिडिओत उधारी: कोणाला द्यायची, किती द्यायची आणि ‘नाही’ कसं म्हणायचं. गृहपाठ करून या. भेटूच.